पाण्यातल्या बागेला पाणी

मोशी,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय धम्मा,

रामराम.

तुझ्या लेकीने, दीक्षाने, पाठवलेलं पार्सल पोचलं. खाली राहणाऱ्या पुतण्याच्या, म्हणजे अजिंक्यच्या, बायकोने, स्नेहलने, ते उघडलं आणि ती जिना चढत ओरडतच वर आली, "काकू, तुमच्या मशीनचं काहीतरी नवीन आलंय!" पोरीची चूक नाही. काचेचा रुंद चष्मा, त्याला रबराचा पट्टा, नाक झाकायची खोळ आणि वर एक वाकडी नळी. ज्या घरात बाई वर्षभर नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसली आहे, त्या घरात आलेली नळी दवाखान्याचीच असणार.

शालनने ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, तोंडाशी धरली आणि मला म्हणाली, "ही तोंडात घालून पान्यात बघायचं? मग मला काय शिकवू नका. मी रोजच नळीनं जगतीया. शिकायचं तुमालाच हाय."

तुला फोन करावासा वाटतो. पण तुझ्या बेटावरून आवाज येतो तो अर्धा, आणि उरलेला अर्धा माझा डावा कान गिळतो. पत्रच बरं. पत्रात माणूस वाक्य पुरं करतो.

तर तू बोलावतोस आणि मी यावं म्हणतो. कारण तुला माहीत आहे. गुरुजींची ती कविता, जी कुठल्या पुस्तकात नव्हती, फळ्यावर लिहून त्यांनी आपल्याकडून पाठ करून घेतली होती:

सागरतळिच्या बागेला रे
कोण कुठुनिया घाली पाणी
रंगित फांद्यांवरी बसोनी
मासे गाती मुकीच गाणी

गुरुजी लोणावळ्याच्या पुढे कधी गेलेले नव्हते. खडू ठेवून खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "पोरांनो, समुद्राच्या तळाशी बाग असते." बाहेर दिसायचं ते ज्वारीचं रान. आज त्याच रानावर गोदाम आहे आणि दिवसभर कंटेनर मागे घेताना टुंगटुंग वाजत असतात. मी गच्चीवर बसून ऐकतो, आणि तरी मला तीच खिडकी दिसते. हसू नकोस.

लग्नानंतर मी शालनला ही कविता म्हणून दाखवली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पान्यातल्या बागंला पानी कोन घालतंय? येडं हुतं काय तुमचं गुर्जी?" तेव्हापासून जन्मभर हेच चाललंय आमचं. मी म्हणायचं बाग आहे, तिने म्हणायचं कुणी बघितलीय.

आता डॉक्टर म्हणतात, हिची फुप्फुसं आतून आवळत चालली आहेत. औषधाने थांबणारं नाही. चुलीचा धूर असेल, नशीब असेल, त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. मशीन हवा ढकलतं आणि ती घेते. तुझं आमंत्रण आलं तसं ती मागेच लागली आहे. "जावा. सोताच्या डोळ्यानं बघा आन मला येऊन सांगा. खोटं असंल तर खोटं सांगा. येवढं मला कळू द्या."

तिला कळू द्यायचं, ती असेपर्यंत. एवढंच माझ्या हातात उरलं आहे रे. बाकी काही नाही.

मशीनला पाण्याची एक बाटली असते, हवा तिच्यातून ओली होऊन जाते. दिवसभर तिच्यात बुडबुडे येतात. डोळे मिटले की वाटतं, तुझा समुद्र आमच्या खाटेशी येऊन बसलाय.

तुझा,
सोपान


२४ ऑक्टोबर २०२४

सोपान,

जयभीम.

पत्र मिळालं. तू अजून तसाच आहेस. गोदामाकडे बघून कविता सुचणारा माणूस अख्ख्या पट्ट्यात तू एकटाच असशील.

आता कामाचं. फेब्रुवारीत ये, समुद्र तळ्यासारखा असतो. पुण्याहून चेन्नई, तिथून इकडचं विमान, मग बोट. धक्क्यावर मी असेन. दीक्षाच्या दोन खोल्या आहेत पाहुण्यांसाठी, त्यातली समुद्राकडची तुझी. ती रोज पाहुण्यांना पाण्यात नेते. साठीतल्या बायका जातात, तर तू का नाही? पोहता तर येतंच तुला. तुमच्या विहिरीत मला उतरू देत नसत, पण इंद्रायणीत तुझ्यापेक्षा लांब सूर मी मारायचो, आठवतं ना? इथे समुद्राला पायऱ्याच नाहीत. त्यामुळे कुणी कुठल्या पायरीवरून उतरायचं हा प्रश्नच मिटला.

शिकायचं एवढंच. नाक विसरायचं. श्वास तोंडाने, सावकाश. चष्म्याला वाफ धरते, म्हणून काचेला आतून थुंकी लावायची आणि खंगाळून टाकायची. पाटी थुंकीने पुसली म्हणून गुरुजींनी आपल्याला छड्या मारल्या होत्या, ती विद्या इथे कामाला येते.

एक अडचण आहे. तुझी मिशी. चष्म्याचं रबर ओठावर घट्ट बसावं लागतं. मिशी असली की फटीतून पाणी शिरतं, नाकात जातं, माणूस घाबरून उभा राहतो आणि खालच्या फांद्या मोडतो. व्हॅसलिन थापून काहींचं भागतं, पण तुझी मिशी म्हणजे खराट्याचं टोक. दीक्षा म्हणते, काकांना सांगा, काढूनच या.

वहिनींना सांग, बाग आहे. जांभळी, पिवळी, शेवंतीच्या रंगाची. फांद्या हरणाच्या शिंगांसारख्या, आणि त्यांत निळे मासे, बोटाएवढे.

धम्मपाल


मोशी,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय धम्मा,

रामराम.

तुझं पत्र शालनला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवंतीच्या रंगाची म्हटल्यावर तिने मला थांबवून ते पुन्हा वाचायला लावलं. मिशीचं आलं तेव्हा इतकी हसली की धाप लागली आणि मशीनचा काटा वाढवावा लागला. मग दम घेऊन म्हणाली, "घ्या. बाईपायी कधी काढली न्हाई, आता माशापायी काढा."

मिशी निघणार नाही धम्मा. तुला वाटेल म्हाताऱ्याची ऐट. तसं नाही रे. थोडंफार व्हॅसलिन थापीन, पाणी शिरलं तर नाकाने पिईन. मिशीचं नाव काढू नकोस. आमच्याकडे ती अशी निघत नाही.

सराव मात्र सुरू केला आहे. कुठे, ते ऐक. नदीवर गेलो होतो. आपण उड्या मारायचो तिथे पाण्यावर फेस होता, पांढरा, ढगाएवढा. एक म्हातारी काठावर बसून फेसातून वाट काढत तांब्या भरत होती. मी नमस्कार करून परत आलो. विहीर गोदामाखाली गेली. महापालिकेच्या तलावावर वयाचा दाखला, डॉक्टरची चिठ्ठी असलं काय काय मागतात. शेवटी गच्चीवरच्या निळ्या पिंपात तोंड घातलं.

पहिल्याच दिवशी स्नेहल कपडे वाळत घालायला आली. तिला दिसलं ते पिंपाच्या काठावर ओणवं झालेलं माझं धोतर. तिने जी किंकाळी फोडली, ती समोरच्या कंपनीच्या वॉचमनपर्यंत गेली. "आप्पा पिंपात गेले!" अजिंक्य धावत आला, त्याने मला कमरेला धरून ओढलं. चष्मा घातलेला, तोंडात नळी, मिशीतून पाणी गळतंय. त्याने आधी माझ्या तोंडातली नळी काढली. मग म्हणाला, "आप्पा, मी तिकीट काढतो. पण हे परत करू नका."

आणि त्याने काढलंही. फेब्रुवारीचं.

मला श्वास जमेना. पाण्यात तोंड गेलं की छाती घाईला येते. शालन म्हणाली, "हितं बसा माज्याजवळ." मी खाटेवर बसलो. ती म्हणाली, "घाई करू नका. आत येतंय तेवढंच घ्यायचं. जादा मागितलं की गुदमरायला हुतं. भायेर सोडताना सगळं सोडायचं, राखून ठेवायचं न्हाई." तिच्या नाकात तिची नळी, माझ्या तोंडात माझी. आम्ही दोघं समोरासमोर बसून श्वास घेत होतो. स्नेहल दारात आली आणि तशीच खाली गेली.

मशीन पूर्वी दोनवर होतं, आता चारवर असतं. तशी ती बरी आहे. जेवते थोडं. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी म्हणून लाइटची दुरुस्ती त्याच दिवशी निघते, तेव्हा कोपऱ्यातला सिलिंडर लावतो. स्नेहलही शिकली आहे लावायला. बाटलीतलं पाणी मात्र मीच बदलतो, उकळून, गार करून. शालन म्हणते, तुमच्या गुर्जींच्या बागंचा माळी सापडला.

आठ दिवस तिला सोडून यायचं. कधी वाटतं जमेल, कधी वाटतं मी वेडा आहे.

खालचं शालनने सांगून लिहवून घेतलं आहे:

"भावजी, नमस्कार. ह्यास्नी पान्यात येकटं सोडू नका, कवितंत गेलं की भान नसतंय. आन येक इचारायचं हुतं. तुमी लिवलेली बाग आत्ताची हाय का आठवणीतली? म्हाताऱ्या मानसांचं काय खरं नसतंय म्हून इचारलं. राग मानू नका. शालन."

तुझा,
सोपान


५ डिसेंबर २०२४

सोपान,

जयभीम.

पिंपाची गोष्ट दीक्षाला वाचून दाखवली. ती अजून हसते आहे.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांग, बाग आहे. मी या बेटावर नोकरीला आलो तेव्हापासून आहे. बांधकाम खात्याच्या धक्क्याचं काम चालू असताना जेवणाच्या सुट्टीत मी तोंड घालून बघायचो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाण्यातच गुरुजींच्या नावाने ओरडलो होतो, आणि घोटभर खारट पाणी पोटात गेलं. न बघता त्या माणसाने कसं लिहिलं असेल?

एकट्याला सोडणार नाही. दीक्षा बरोबर असेल. मी बोटीत बसेन. कानाच्या ऑपरेशननंतर मला पाण्यात जायला मनाई आहे.

मिशीचा विचार कर. हट्ट सोड. एवढ्या लांब येऊन नाकातोंडात पाणी घेऊन परत जाशील, मग वहिनींना काय सांगशील?

लवकर ये रे. इथे मराठी बोलायला मी आणि दीक्षा दोघंच. आणि तिचं मराठी माझ्याकडून शिकलेलं, म्हणजे माझंच मला परत ऐकू येतं.

धम्मपाल


मोशी,
१० जानेवारी २०२५

प्रिय धम्मा,

मिशी काढली.

आळंदीला गेलो होतो. घाटावर न्हावी बसलेला होता, त्याने काढली. वारा ओठाला लागतो, ते विचित्र वाटतं. आरशात बघितलं तर सातवीतला सोपान दिसला, फक्त कुणीतरी चुरगळून ठेवलेला.

आता पाणी शिरणार नाही. शालन आता बागेचं विचारत नाही.

जास्त लिहवत नाही.

सोपान


२८ जानेवारी २०२५

सोप्या लेका,

शाब्बास! जयभीम आणि शाब्बास!

दीक्षा पत्र घेऊन धावत आली, "बाबा, काकांनी मिशी काढली!" मी तिला म्हटलं, आता हा माणूस नक्की येतो. मिशी काढली म्हणजे यायचं ठरलंच. वहिनींनी जिंकलं तर! मला दिसतंय सगळं. तू नको नको म्हणत असशील आणि त्या नळी सावरत म्हणत असतील, काढा. आळंदीला जाऊन काढलीस ते तर तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. मोशीत कुणी बघू नये म्हणून ना? लाजतोस काय म्हाताऱ्या! सातवीतल्या सोपानला मी ओळखतो, त्याच्यासोबतच पोहायला शिकलो.

तयारी झाली. खोलीला रंग दिला. दीक्षाने तुझ्यासाठी पायात घालायचे पंखे बाजूला काढून ठेवलेत. आणि तू लिहितोस, वहिनी आता विचारत नाहीत. विचारतील कशाला, त्यांना माहीत आहे आता तू बघूनच येणार. त्यांच्यासाठी मी एक शंख धुऊन ठेवला आहे. कानाला लावायला दे. तुझ्या बाटलीतल्या बुडबुड्यांपेक्षा चांगला आवाज येतो म्हणावं.

धक्क्यावर उभा आहे असं समज.

धम्मपाल


मोशी,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मा,

मी आलो नाही हे तुला एव्हाना कळलं असेल. धक्क्यावर उभा राहिला असशील. क्षमा कर. अजिंक्यने तुला फोन लावला होता, पण तो लागला नाही. आणि मीच त्याला म्हटलं, राहू दे, मी लिहितो.

शालन गेली. डिसेंबर संपता संपता.

मागच्या पत्रात तेच लिहायला बसलो होतो. आधी मिशीचं लिहिलं, म्हटलं त्यावरून तुला कळेल, पुढचं लिहायला लागणार नाही. आमच्याकडे मिशी निघते ती एकदाच, आपलं माणूस गेल्यावर. बाप गेला तेव्हा निघाली होती. आम्हाला मूलबाळ नाही. अजिंक्य अग्नी द्यायला पुढे झाला होता, मी म्हटलं, नाही, मी देतो. जन्मभर माझ्यासाठी चुलीपुढे बसलेली बाई, तिच्यासाठी एवढं तरी माझ्या हाताने व्हावं. दहाव्याला आळंदीच्या घाटावर न्हाव्यापुढे बसलो. त्याने वस्तरा लावला आणि मला एकदम तुझं पत्र आठवलं. मी हसलो रे धम्मा. दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर. लोकांना वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

तुझी काही चूक नाही. तुझं पत्र आलं, स्नेहलने वाचायला घेतलं आणि "वहिनींनी जिंकलं तर" इथे थांबली. पत्र माझ्या हातात देऊन खाली निघून गेली. मी पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. तुझ्या पत्रात ती अजून नळी सावरत बोलत होती. मला बरं वाटलं. त्या एका पत्रापुरती ती होती.

कसं झालं ते सांगतो. मशीन चारचं पाच झालं, मग पाचलाही पुरेना. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे तिच्या तोंडावर मुखवटा लावला, नाक-तोंड सगळं झाकणारा, पट्टे मागे बांधलेले. दीक्षाने पाठवला तसाच दिसत होता. ती माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलली. मुखवट्याला आतून वाफ धरली आणि ओठ दिसेनात. मी कान जवळ नेला. नेमका डावाच गेला घाईत. मशीनचा आवाज, शेजारच्या खाटेचा आवाज, मला काही कळेना. तिने हात वर करून मुखवटा उचलला, पुन्हा बोलली. सिस्टर आली आणि पुन्हा बसवला. "आजी, काढायचा नाही." तिचंही बरोबरच होतं.

मी सिस्टरला विचारलं, काय म्हणाली हो ती? ती म्हणाली, "पाणी म्हणाल्या बहुतेक."

मी पाणी मागितलं. म्हणाले, आता द्यायचं नाही, आत जाईल. बोट ओलं करून ओठाला लावायला मुखवटा तरी उचलू द्या म्हटलं, तेव्हा म्हणाले, थोड्या वेळाने. तो थोडा वेळ आलाच नाही. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. काचेला वाफ धरली की काय करायचं हे तू मला शिकवलं होतंस. त्या वेळी तेवढंच आठवत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तिला तहान लागली होती, की बागेचं विचारत होती? तिच्या तोंडी कितीदा यायचं ते, पान्यातल्या बागंला पानी कोन घालतंय. कसं कळणार? कुणाला विचारू?

मशीन भाड्याचं आहे, त्यांचा माणूस न्यायला येऊन गेला. मी त्याला म्हटलं, महिनाभर राहू दे. सकाळी उठतो, पाणी उकळतो, गार करतो, बाटलीत भरतो. मशीन सुरू करत नाही, मी वेडा नाही. फक्त पाणी बदलतो. शिळं पाणी राहू नये.

एक काम कर माझं. तिने विचारलं होतं, आत्ताची बाग की आठवणीतली. तू त्याचं उत्तर दिलं नाहीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं होतं. पत्र ऐकून म्हणाली, "भावजींनी बगल दिली." मी तिला म्हटलं, उगाच संशय घेऊ नको. आता मला येववत नाही. कुणाला तरी बघायला सांग आणि जे असेल ते लिही. तिला सांगायचं कबूल केलंय मी.

सोपान


९ मार्च २०२५

पूज्य काका,

मी दीक्षा. माझी मराठी बाबांकडून शिकलेली आहे, काही चुकलं तर माफ करा. बाबांना लिहायला जमत नाहीये म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र वाचून ते दोन दिवस धक्क्यावर जाऊन बसत होते. मग एवढंच म्हणाले, "मी गावचा राहिलो नाही, दीक्षा. मिशी काढली आणि मला कळलं नाही." आमच्या घरात ते सगळे विधी आजोबांच्या वेळीच सुटले, आणि बाबा तर तरुणपणीच इकडे आले. मला तर माहीतच नव्हतं. मीच ओरडत गेले होते त्यांच्याकडे, शाब्बास म्हणत. काका, मला फार वाईट वाटतं.

काकूंचं बरोबर होतं. बाबांनी लिहिली ती आठवणीतली बाग होती. गेल्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी खूप तापलं. आठवडेच्या आठवडे गरम राहिलं. तेव्हा सगळ्या फांद्या आधी पांढऱ्या झाल्या. पाहुणे म्हणायचे, किती सुंदर, बर्फासारखं. मी बोटीत येऊन रडायचे. नंतर त्यावर शेवाळ चढलं. मी बाबांना तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, सोपानला कळवू नकोस, कळलं तर तो येणार नाही. ते तुमची फार वाट बघत होते.

परवा ते म्हणाले, मला पाण्यात ने. मी म्हटलं, कान? ते म्हणाले, कान राहू दे. मी त्यांचा हात धरून नेलं. त्यांनी तोंड पाण्यात घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. मला भीती वाटली, पण नळीतून श्वास येत होता, सावकाश. बोटीत आल्यावर टॉवेल घेतला नाही, तसेच बसले.

खालचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे.

"सोपान. बघून आलो. बाग राखेच्या रंगाची आहे. शिंगं मोडून पडलीत. कुठे एखादी फांदी जिवंत असेलही, मला दिसली नाही. मासे अजून येतात. त्या मोडक्या फांद्यांतून आत जातात, बाहेर येतात. तिथे त्यांना खायला काही नाही, दीक्षा म्हणते, तरी येतात. वहिनींना हे सांग. हे आत्ताचं आहे. ध."

काका, खोली तुमचीच आहे. शंख खिडकीत ठेवला आहे.

तुमची,
दीक्षा


मोशी,
३० मार्च २०२५

प्रिय धम्मा, चिरंजीव दीक्षा,

रामराम आणि आशीर्वाद.

पत्र गच्चीवर बसून वाचलं. मग खाली येऊन शालनच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं, राखेच्या रंगापासून माशांपर्यंत सगळं. तिला खोटं चालायचं नाही. धम्मा, तुझ्यावर राग नाही. तू आठवणीतलं लिहिलंस म्हणून ती शेवंतीचा रंग दोनदा ऐकून गेली. आता वाटतं, तिला कळलं होतं आणि तरी तिने पुन्हा वाचायला लावलं होतं.

मशीन परवा नेलं. कोपरा रिकामा झाला तिथे जमिनीवर चौकोनी डाग राहिलाय, फिनेल घालूनही जात नाही. बाटली त्या माणसाने काढून माझ्या हातात दिली, म्हणाला, ही नेत नाही आम्ही, नवीन लागते. ती मी खिडकीत ठेवली आहे. सकाळी पाणी बदलतो. काल मला उशीर झाला तर स्नेहलनेच पातेलं गॅसवर ठेवलेलं होतं.

मला एक उमगलं, तुला सांगतो. गुरुजींनी तो प्रश्न विचारला होता रे. कोण कुठुनिया घाली पाणी. वर्गात कुणीच त्याला प्रश्न समजलं नाही. आपण चाल लावून म्हणत राहिलो, मी तर जन्मभर म्हटलं. विचारलं ते एकट्या शालनने, भाकरी थापताना, आणि मी तिला हसलो. तिच्या त्या शेवटच्या शब्दाचं उत्तर मला द्यायचं होतं. पाण्याचं असेल तरी, बागेचं असेल तरी. दोन्ही दिलं नाही.

येईन असं लिहीत नाही, येणार नाही असंही लिहीत नाही. दीक्षा, पोरी, शंख तिथेच असू दे.

आज दुपारी गच्चीवर जाऊन पिंपात तोंड घातलं. अजिंक्य कंपनीत होता. चष्म्याला थुंकी लावली, नळी तोंडात धरली. आत येतंय तेवढंच घेतलं, बाहेर सोडताना सगळं सोडलं. खाली पिंपाचा निळा तळ, त्यात एक वाळकं पान. ते हलत होतं. बुडबुड्यांचा आवाज मात्र अगदी तोच होता, खाटेशी यायचा तो. मी खूप वेळ ऐकत राहिलो.

मिशी पुन्हा आली आहे, पांढरी, आखूड, टोचणारी. फटीतून पाणी शिरलं. मी उभा राहिलो नाही.

तुझा,
सोपान